आधी हेड ठरवा, मग पिस्टन

शेवी ३५० (शेव्हरोलेचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन) नव्याने बांधताना फ्लॅट-टॉप, म्हणजे सपाट माथ्याचे पिस्टन आत्ताच घ्यायचे आणि हेडचं (सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण) पुढेमागे बघू, हा बेत मला पटला नाही. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं, ते दोघांच्या जोडीवर ठरतं. बोअर ०.०३० इंच ओव्हरसाइझ, पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी ५ सीसीचे खळगे (व्हॉल्व्ह रिलीफ), ०.०४१ इंचाचं हेड गॅस्केट, पिस्टन डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठापासून) ०.०२५ इंच खाली, असं धरलं तर हेडमधल्या ७६ सीसी चेंबरवर (ज्वलनाच्या पोकळीवर) जेमतेम ८.६ येतं, ६४ सीसीवर ९.७ च्या आसपास. केवढा फरक!

म्हणून पैसे हेडमध्ये घाला. १९९६ पासूनच्या ट्रकमधली शेव्हरोलेची व्होर्टेक हेडं ६४ सीसीचीच आहेत आणि त्यांचे इनटेक पोर्ट (मिश्रण आत येण्याच्या वाटा) खरोखर सुरेख आहेत. मात्र त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो. शिवाय मूळ स्प्रिंगवर ०.४६० इंचाच्या वर लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याचं अंतर) नको, रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) व्हॉल्व्हच्या सीलवर आपटतो. वापरलेली घेत असाल तर तडे गेलेत का, हे मशीन शॉपमधून तपासून घ्याच.

नायट्रस किंवा टर्बो नसेल तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनची गरज नाही, हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव) पुरतात. फक्त वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली गॅप पिस्टनसोबतच्या तक्त्याप्रमाणेच ठेवा.