माद्रिदचा तह आणि सात वसाहती

१४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने, म्हणजे नव्या प्रदेशांवर एक उत्तर-दक्षिण रेषा ठरवून पूर्वेकडचा भाग पोर्तुगालला आणि पश्चिमेकडचा स्पेनला देणाऱ्या कराराने, स्पेन-पोर्तुगालचा दक्षिण अमेरिकेतील वाद मिटला, असे म्हटले जाते. पण ती रेषा जमिनीवर कधी आखलीच गेली नाही आणि पोर्तुगीज तिच्या पलीकडे ॲमेझॉनच्या खोऱ्यात केव्हाच पोचले होते. १७५० च्या माद्रिद तहाने ती मोडीत काढून प्रत्यक्ष ताब्याचे, म्हणजे ज्याचा ताबा त्याची जमीन हे, तत्त्व मानले. मात्र पोर्तुगालच्या ताब्यातील कोलोनिया दो साक्रामेंतो हे बंदर स्पेनला मिळण्याच्या बदल्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील जेझुइट या कॅथलिक धर्मप्रचारकांच्या सात वसाहती पोर्तुगालला देताना, तिथल्या हजारो ग्वारानी या मूळ रहिवाशांना न विचारताच, गुरेढोरे घेऊन नदीपार जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिल्यावर १७५६ मध्ये दोन्ही राजांच्या फौजांनी मिळून त्यांना चिरडले, आणि १७६१ मध्ये तहच रद्द झाला! १७७७ च्या सान इल्देफोन्सो तहात बंदर आणि वसाहती दोन्ही स्पेनकडे राहिल्या. १८०१ मध्ये पोर्तुगीजांनी वसाहती बळाने घेतल्या.