गुठळ्या आणि आतड्याचं ट्रान्सप्लांट, एकाच माणसाच्या नावावर कसं काय?

निळी_पिपेट (औंध)
नमस्कार मंडळी. विद्यापीठात बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शुक्रवारी सेमिनार आहे, आणि आमच्या मॅडमनी एका परदेशी संशोधकाच्या पेपरांची यादी हातात ठेवून सांगितलं, "यातलं सूत्र शोध आणि वीस मिनिटं बोल." यादी उघडली तर अर्धे पेपर प्रोटीन सी, प्रोटीन एस, फॅक्टर फाइव्ह लायडन असले, म्हणजे रक्ताच्या गुठळ्यांवरचे, आणि उरलेले अर्धे थेट लहान आतड्याच्या ट्रान्सप्लांटवर. मला आधी वाटलं एकाच नावाची दोन माणसं असतील, असं होतं ना बऱ्याचदा, पण नाही, ईमेल एकच, डिपार्टमेंट एकच. आतडं बदलायचं म्हणजे रिजेक्शन, इन्फेक्शन हे कळतं, पण गुठळीचा संबंध फक्त "ऑपरेशननंतर गुठळी होऊ शकते" एवढाच आहे का? तेवढ्यावर चार मिनिटंसुद्धा निघणार नाहीत. कुणी डॉक्टर असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळी
हिमॅटॉलॉजीत (रक्ताच्या आजारांच्या विभागात) रेसिडेंट आहे, ड्यूटी संपवून टाइप करतोय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. तुम्ही गोष्ट शेवटाकडून वाचताय. ऑपरेशननंतरची गुठळी हा भाग आहेच, पण मुळात मोठ्या माणसाचं आतडं जातं कशानं? क्रोन्स (आतड्याला सतत सूज राहणारा आजार), अपघात, ट्यूमर हे सगळं आहे, पण एक मोठं कारण म्हणजे गुठळीच. लहान आतड्याला रक्त देणारी मुख्य धमनी एक, सुपीरिअर मेझेंटेरिक, ती बंद पडली की काही तासांत आतडं काळं पडायला लागतं. शिरेत गुठळी झाली तर जरा हळू, चार-पाच दिवस पोट दुखत राहतं, पोट दाबून बघितलं तर मऊ, सोनोग्राफीत गॅस दिसतो म्हणून घरी पाठवतात आणि मग एक दिवस थेट ओटी. सर्जन मेलेला भाग काढतो. साधारण सहा मीटरचं आतडं, त्यातलं दोन मीटरच्या खाली उरलं की शॉर्ट बॉवेल म्हणतात.
आता दुसरा अंक. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून शिरेतून पोषण, टीपीएन. १९६८ च्या आसपास अमेरिकन सर्जन डड्रिक आणि मंडळींनी हे जमवून दाखवलं, त्याआधी असे पेशंट वाचायचेच नाहीत. पण त्यासाठी गळ्याच्या किंवा कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेत लाइन कायम ठेवायला लागते. ज्याचं रक्त आधीच गोठायला टपलंय त्याच्या लाइनभोवती गुठळी होणार नाही तर काय. एक शिर बंद, दुसरी बाजू, तीही बंद. लाइन घालायला शिरा उरल्या नाहीत, हेच ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालायचं एक ठरलेलं कारण आहे. म्हणजे गुठळीनं आतडं नेलं आणि नंतर आतड्यावाचून जगायची सोयही नेली.
तिसरा अंक राउंडनंतर लिहितो.

कर्वेनगरचा_भाचा
वरचं वाचून काटा आला. माझ्या दाजींचं अगदी हेच झालं. वय ३८, सिगरेट नाही, दारू नाही, रोज तळजाई चढणारा माणूस. पोट दुखतंय म्हणून तीन दिवस एका हॉस्पिटलात ॲसिडिटीची सलाइन लावून ठेवले होते (नाव घेत नाही, ताईला पुन्हा त्रास नको), चौथ्या दिवशी सीटी केला तर शीर पूर्ण बंद. आता जेमतेम हातभर आतडं उरलंय. घरी रात्री टीपीएनची तीन कप्प्यांची पिशवी लावतो, ताई इतकी तरबेज झालीय की नर्सला शिकवेल. मला एवढंच विचारायचंय, नवीन आतडं बसवलं तरी रक्त तर तेच ना? मग परत गुठळी नाही होणार? डॉक्टर म्हणतात "बघू".

पेठेतला_शंकासुर
माफ करा पण एवढं काय त्यात. रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर घ्यायची, विषय संपला. आमच्या शेजारच्या काकांना व्हॉल्व्ह बसवलाय, वीस वर्षं ॲसिट्रॉम खातायत आणि रोज मिसळ पण खातायत.

रात्रपाळी
@शंकासुर, काकांचं आतडं जागेवर आहे म्हणून गोळी चालते. ॲसिट्रॉम काय किंवा वॉरफरिन काय, पोटातून शोषलं जाणार, आणि त्याचा सगळा खेळ व्हिटॅमिन के शी, तेही आतड्यातूनच येणार किंवा टीपीएनमधून. शॉर्ट बॉवेलच्या पेशंटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) आज दीड, परवा पाच. नवीन गोळ्यांचंही तेच, किती शोषली जाईल याचा भरवसा नाही. म्हणून बरेच जण पोटावर हेपरिनच्या इंजेक्शनवर असतात. ट्रान्सप्लांट झाल्यावर वेगळीच कसरत. आतडं हा लिम्फॉइड टिश्यूनं (प्रतिकार करणाऱ्या पेशींनी) गच्च भरलेला अवयव, त्यामुळे रिजेक्शनला फार हपापलेला, आणि किडनीला जसं क्रिएटिनिन बघतो तशी इथे एक सोपी टेस्ट नाही. पहिले काही आठवडे स्टोमामधून (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) दुर्बीण घालून परत परत बायोप्सी घेतात. हेपरिन चालू ठेवा तर बायोप्सीच्या जागी रक्तस्राव, बंद करा तर नवीन धमनीच्या जोडावर गुठळी. आणि हा जोड बंद पडला तर ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं आतडं, गेलंच.
@भाचा, तुमचा प्रश्न हाच तिसरा अंक. उत्तर असं की कारण शरीरात कुठे बसलंय त्यावर अवलंबून. रक्त गोठणं आवरणारी प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन यकृतात बनतात, प्रोटीन एसही बरंचसं तिथलंच. गोठवणारं फॅक्टर फाइव्हही बहुतेक यकृतातलं (डालबेक नावाच्या संशोधकानं १९९३ ला सक्रिय प्रोटीन सी ला दाद न देणारं रक्त दाखवलं आणि १९९४ ला लायडनच्या लोकांनी त्यामागचं म्युटेशन शोधलं, म्हणून ते नाव. आपल्याकडे युरोपच्या मानानं कमी दिसतं). म्हणजे दोष यकृताच्या कारखान्यात असेल आणि आतड्याबरोबर यकृतही नवीन आलं तर रक्ताचा स्वभावच बदलतो. हिमोफिलियात हेच उलट्या दिशेनं दिसलंय, यकृत बदललं आणि रक्त गोठायला लागलं. पण नुसतं आतडं लावलं तर रक्त जुनंच, तुमच्या दाजींच्या बाबतीत तुम्ही बरोबर बोललात.
आणि दोष बोनमॅरोत असेल, म्हणजे जेएके-टू म्युटेशन (रक्तपेशी बेसुमार वाढवणारा जीनमधला बदल), जे पोटातल्या शिरांच्या गुठळीत आवर्जून शोधायला लागतं, तर यकृत बदलून काही उपयोग नाही. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (शरीरानंच बनवलेल्या, गुठळ्या करणाऱ्या) असतील तरी तेच.
@निळी_पिपेट, पिट्सबर्गच्या टीमचा, स्टार्झल आणि अबू-एल्मग्द वगैरे, २००० सालचा पेपर शोधा, गुठळ्यांची प्रवृत्ती असलेले शॉर्ट गट (म्हणजे शॉर्ट बॉवेलच) पेशंट आणि आतड्याचं ट्रान्सप्लांट, हाच विषय. मात्र धडधाकट यकृत निव्वळ गुठळीसाठी काढायचं का, यावर टीमगणिक मत बदलतं. माझं विचाराल तर नाही, इंजेक्शनवर भागत असेल तर भागवावं.

निळी_पिपेट (औंध)
बाप रे, हे तर अख्खं सेमिनार झालं. म्हणजे सूत्र "कारण कुठे बसलंय". यादीत एक पेपर पोटातल्या सगळ्याच शिरा बंद असलेल्यांवर आहे, तिथे तर नुसतं आतडं लावून भागणार नाही ना? नवीन आतड्यातून निघालेलं रक्त जाणार कुठे?

रात्रपाळी
बरोबर पकडलंत. चांदणी चौक बंद पडला की गाड्या बावधनच्या गल्लीबोळांतून निघतात तशा बारीक शिरा फुगून वाट काढतात, आणि त्या फुटल्या की रक्ताची उलटी. ग्राफ्टचं रक्त थेट मोठ्या महाशिरेत सोडता येतं, पण सगळंच जाम असेल तर काही सेंटर्स जठर, स्वादुपिंड, आतडं, यकृत असा अख्खा घोसच बदलतात. मल्टिव्हिसरल. इंडियानाच्या लोकांचा २०१२ चा पेपर आहे यावर.

लॅब_आजोबा
तीस वर्षं कोॲग्युलेशनच्या टेबलावर काढली, म्हणून एक तुणतुणं वाजवतो. अगं पोरी, सेमिनारमध्ये हे नक्की घाल. प्रोटीन सी आणि एस दोन्ही व्हिटॅमिन के वर बनतात, त्यामुळे ॲसिट्रॉम चालू असताना सँपल घेतलं की दोन्ही कमीच येणार, जन्मजात दोष असो वा नसो. हेपरिनवर अँटिथ्रॉम्बिन खाली जातं. ताजी गुठळी असताना सगळंच खाली, कारण माल वापरला गेलेला असतो. यकृत थकलेलं असेल, जे टीपीएनवाल्यांचं थकतंच, तरी खाली. आणि निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर माझ्यासारखा म्हातारा ती परत पाठवायचा, मग वॉर्डातल्या पोरांच्या शिव्या. रिपोर्टवर "प्रोटीन सी डेफिशियन्सी" असं छापलं की ते माणसाला आयुष्यभर चिकटतं, आणि वरती डॉक्टरसाहेब सांगतायत तसं त्यावरून यकृत बदलायचं का इथपर्यंत विचार जातो. @भाचा, दाजींचं सँपल कधी घेतलं होतं? तारीख बघा, गोळीची पण बघा. जीन टेस्टला मात्र गोळीनं फरक पडत नाही, जेएके-टू केलीय का तेही बघा.

कर्वेनगरचा_भाचा
आजोबा, ताईला फोन करून फाइल उघडायला लावली. ऑपरेशन ११ तारखेला, ॲसिट्रॉम १६ ला सुरू, सँपल १९ ला. रिपोर्टमध्ये प्रोटीन सी आणि एस दोन्ही कमी, खाली पेनानं "जन्मजात?" लिहिलंय आणि त्यानंतर प्रत्येक डिस्चार्ज कार्डवर ते प्रश्नचिन्ह गायब झालंय. जेएके-टू कुठेच दिसत नाही.

लॅब_आजोबा
गोळी-इंजेक्शन मनानं बंद करू नका हं, एक दिवससुद्धा. हे तीन कागद एकत्र पिन करून हिमॅटॉलॉजीच्या ओपीडीत न्या. आणि ताई-दाजींना मुलं असतील तर त्यांची टेस्ट करायची घाई आत्ता नको, आधी बापाचं नीट ठरू दे.

कर्वेनगरचा_भाचा
मुलीची करून झालीय. नॉर्मल आली होती, कुणी त्यावर काही बोललंच नाही. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतोय.