'ड्राय' वाइनला मराठीत काय म्हणाल?

तिन्हीसांज: वाइनची ओळख करून देणाऱ्या लेखांचं भाषांतर करतेय आणि दुसऱ्याच पानावर अडकलेय. मुळात 'ड्राय व्हाइट' होतं, मी 'कोरडी पांढरी वाइन' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खाली लाल रेघ ओढून विचारलं, "पातळ पदार्थ कोरडा कसा?" इथे ड्राय म्हणजे गोड नसलेली, आंबताना द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर संपलेली. काल तशीच एक वाइन थंड करून घोटभर तोंडात धरली आणि गिळली. जिभेच्या दोन्ही कडांना इतकं पाणी सुटलं की पुन्हा गिळावं लागलं. जिने तोंडाला पाणी सुटतं तिला कोरडी म्हणायला आता माझंच मन घेत नाही. तुम्ही घरी काय म्हणता?

करवंद: ड्रायच म्हणतो. सगळ्यांना कळतं.

जुनी पोथी: कळतं म्हणून शब्द शोधायचाच नाही का? मीठ नसलं की आपण 'अळणी' म्हणतो, मूळ 'अलवण'. त्याच वळणाचा 'अगोड' घ्या. 'कोरडी' हे इंग्रजीचं ओझं आहे.

मोरपंखी: एकट्या इंग्रजीचं नाही. फ्रेंच 'सेक', इटालियन 'सेक्को', जर्मन 'ट्रोकन', सगळ्यांचा अर्थ कोरडाच. आणि अळणी म्हटलं की मीठ घालायचं राहिलं असं वाटतं. 'अगोड' वाचून तसंच वाटेल, गोड व्हायची होती आणि झाली नाही. ही तर मुद्दाम तशी केलेली असते.

करवंद: मग 'कोरी'? कोऱ्या चहासारखी.

तिन्हीसांज: कोऱ्या चहात दूध नसतं, साखर असू शकते. शिवाय कोरी म्हटलं की पाणी न घालता घेतलेली असं वाटेल.

दुपारउन्ह: 'अगोड' लिहिण्याआधी फसफसणाऱ्या वाइनची बाटली बघा. तिथे 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते! युरोपातल्या नियमाने ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, आणि नुसतं 'ड्राय' लिहिलं असेल तर 17 ते 32. लिटरला 30 ग्रॅम साखर असलेली वाइन अगोड कशी म्हणणार? प्रोसेक्को या फसफसणाऱ्या इटालियन वाइनच्या तर नावातच 'सेक्को' आहे, तरी त्यातल्या कितीतरी एक्स्ट्रा ड्राय असतात.

मोरपंखी: प्रोसेक्को हे इटलीत त्रिएस्तेजवळच्या गावाचं नाव आहे हो. त्याचा 'सेक्को'शी संबंध जोडू नका.

दुपारउन्ह: बरोबर, ते मागे घेतो. साखरेचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

पाऊणवाटी: खरी गफलत वेगळीच आहे. तोंड कोरडं पडतं ते लाल वाइनने. तिच्यात द्राक्षाची सालं आणि बिया मुरतात, त्यांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. माझे दीर अशी वाइन प्यायले की "फार ड्राय आहे" म्हणतात. मी विचारते, "भावजी, ड्राय की तुरट?" मग जीभ टाळूला घासून बघतात आणि म्हणतात, "तुरट." आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना तो का वापरत नाही आपण? मागच्या आठवड्यात अशीच एक तुरट लाल वाइन नुसती जाईना. जुन्या, कडक चीजचा तुकडा चावून वर घोट घेतला तर तीच वाइन मऊ लागली. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धांश तो तुरटपणा स्वतःवर घेतात.

करवंद: तुरट हा शब्द तुरटीवरून आलाय ना?

जुनी पोथी: उलट. संस्कृतात 'तुवर' म्हणजे तुरट. तुरटी नंतरची. शास्त्रीय लेखनात 'कषाय' लिहावं.

मोरपंखी: पोथीबुवा, संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपण कटुचा 'कडू' केला आणि अर्थच बदलला. आज मिरचीला कडू म्हणाल का? चवीचे शब्द असेच सरकतात. 'कोरडी'लाही सरकू द्या की.

जुनी पोथी: शेकडो वर्षांत, लोकांच्या तोंडात सरकणं वेगळं. भाषांतराच्या टेबलावर ढकलणं वेगळं.

पाऊणवाटी: मिरचीवरून आठवलं. झणझणीत जेवणाबरोबर कडक लाल वाइन घेऊ नका. अल्कोहोलने तिखटाची आग आणखी भडकते. मी एकदा घेतली आणि दोन घास टाकून उठले. कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर रीझलिंग ही पांढरी वाइन घ्या, निवतं तोंड. पण अशा जोडीला शब्द काय? 'पेअरिंग' नको वाटतं.

करवंद: तोंडीलावणं!

मोरपंखी: सुंदर! पण कशाला काय तोंडी लावायचं? वाइनला जेवण, की जेवणाला वाइन?

पाऊणवाटी: मी घासाला घोट लावते. आधी घास, तो अर्धा चावून झाला की घोट.

दुपारउन्ह: मी आधी घोट. नुसत्या वाइनची चव कळायला हवी. माशाबरोबर लाल घेताना तर हमखास, कारण नंतर तोंडात जे काही उरतं ते वाइनला मारून टाकतं. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये त्याचं कारण दाखवलं. वाइनमध्ये लोह जास्त असलं की माशाचा तो वास मागे रेंगाळतो. म्हणजे सगळ्याच लाल वाइन वाईट नाहीत.

तिन्हीसांज: आणि ड्रायचं काय करू? परवा मजकूर द्यायचाय.

करवंद: तो मागे राहणारा वास म्हणजे 'वशट' ना?

पाऊणवाटी: वशट म्हणजे मासा-मटणाचा वास. लोखंडाचा चटका त्यात कुठे येतो? आमच्याकडे त्याला 'हिवस' म्हणतात.

जुनी पोथी: हिवस मी फक्त अंड्याच्या वासाला ऐकलाय.