मानसशास्त्राची पदवी: प्रत्यक्षात काय काय करावं लागतं?

शाईचा डाग
माळा आवरताना प्रायोगिक वही हाती लागली. मधल्या पानावर आरशात बघून गिरवलेली चांदणी, वेड्यावाकड्या रेघांची. म्हणून हा धागा. मानसशास्त्र शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी लिहा की ही पदवी आतून कशी असते. 'मनातलं ओळखायला शिकवतात' हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात शिकवतात ते मोजायला.

सुरुवात चांदणीनेच करते. दुहेरी रेघांची चांदणी असते, मधल्या अरुंद पट्टीतून पेन्सिल न्यायची. हात थेट दिसू नये म्हणून वर पडदा, समोर आरसा. आधी डाव्या हाताने एकदा, मग उजव्या हाताने दहा वेळा, शेवटी पुन्हा डाव्याने एकदा. दरवेळी सेकंद आणि चुका लिहायच्या. डाव्या हाताला सुरुवातीला १८० सेकंद लागले आणि शेवटी १०८, तर फरक ७२. त्याला १८० ने भागून शंभराने गुणायचं, म्हणजे ४० टक्के. उजव्या हाताचा सराव डाव्याला इतका कामी आला, असं म्हणायचा मोह होतो. पण डावा हात दुसऱ्यांदा गिरवतोय म्हणूनही थोडा सुधारतोच. त्यासाठी दुसरा गट लागतो, जो मधली दहा गिरवणी न करता तेवढा वेळ नुसता बसतो. हा गट गाळला की निष्कर्ष लटका पडतो, आणि वह्यांमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

ओवी
चूक कशाला म्हणायचं ते आधी ठरवा!! पेन्सिल रेघेला टेकली की चूक, की रेघ ओलांडली की चूक? बाहेर जाऊन बाहेरच फिरत राहिली तर एक की चार? दोघांनी एकच कागद मोजला तर दोन आकडे येतात, ते यामुळे. डावखुऱ्यांसाठी हातांचा क्रम उलटा करायचा हेही राहून जातं.

बोरूबहाद्दर
या चांदणीचं मोल कळायला एच. एम. नावाने ओळखला जाणारा रुग्ण वाचावा. अपस्माराच्या झटक्यांसाठी १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) बराचसा भाग त्यात गेला. त्यानंतर त्याला नवीन घडलेलं काही आठवेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तीन दिवस हीच आरशातली चांदणी गिरवायला दिली. दर दिवशी तो सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. हाताची आठवण वेगळी, घटनेची आठवण वेगळी, हे एवढ्या साध्या साहित्याने दिसलं. मुलांना प्रयोगाआधी हे सांगितलं की ती चांदणी मन लावून गिरवतात.

रातराणी
पुतणीला हा विषय घ्यायचाय पण गणिताची धास्ती आहे. कितपत लागतं? (कुकर लावलाय, नंतर येऊन वाचते)

टिंबटिंब
@रातराणी, टक्केवारी, वर्गमूळ, ऋण संख्या आणि आलेख वाचता आला की पायाला पुरतं. पण संख्याशास्त्र चुकवता येत नाही हे तिला आत्ताच सांगा, पहिल्या वर्षात कळलं तर हिरमोड होतो.

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, एकदा कागदावर काढायला लावा. ४, ६, ७, ८, १० घ्या. सरासरी ७. प्रत्येकाचं अंतर −३, −१, ०, १, ३. वर्ग ९, १, ०, १, ९, बेरीज २०. आता भागायचं ४ ने, ५ ने नाही. उत्तर ५, त्याचं वर्गमूळ साधारण २.२४. चारनेच का? अंतरांची बेरीज नेहमी शून्य येते. चार अंतरं कळली की पाचवं आपोआप ठरतं, त्याला स्वतःचं स्वातंत्र्यच उरत नाही. 'स्वातंत्र्य मात्रा' हा शब्द तिथून आलाय. हे एकदा उमगलं की पुढचं टी-परीक्षण, एफ-परीक्षण (गटांच्या सरासरींतला फरक तपासायच्या रीती) अंगावर येत नाही.

पाटीपेन्सिल
टिंबटिंब, छान समजावलंत. त्याला जोडून पी-मूल्याचं, म्हणजे परीक्षणाच्या शेवटी येणाऱ्या शक्यतेच्या आकड्याचं. ०.०३ आलं म्हणजे 'आपलं म्हणणं ९७ टक्के खरं' असं मुलं बेधडक लिहितात. तसं नाही. मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता ३ टक्के, इतकाच अर्थ. आणि एकाच माहितीवर वीस वेगवेगळी परीक्षणं करून जे 'लागलं' तेवढंच लिहायचं, हे तर मुळीच नको. मुळात कुठेच फरक नसला आणि परीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असली तरी ०.०५ च्या पातळीवर विसातलं निदान एक लागायची शक्यता ६४ टक्के असते.

सावली
शब्दांवरून आठवलं, 'स्वाश्रयी' आणि 'आश्रयी' परिवर्त्य (प्रयोगातल्या बदलणाऱ्या गोष्टी). परीक्षेत हमखास अदलाबदल. आपण जो बदलतो तो स्वाश्रयी, आपण जो मोजतो तो आश्रयी. आणि ज्याच्यावर प्रयोग करतो त्याला 'प्रयुक्त' म्हणता की 'सहभागी'?

ओवी
सहभागी. प्रयुक्त म्हटलं की माणसावर काहीतरी वापरून बघतोय असं वाटतं. जुन्या वह्यांत प्रयुक्तच आहे.

शाईचा डाग
माझ्या वहीतही प्रयुक्तच. सहभागी शब्द जास्त माणुसकीचा आहे, पटलं.

कमलपत्र
स्ट्रूपवर कुणीच नाही? १९३५ चा प्रयोग, अजून प्रत्येक वर्गात होतो. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शब्द मधे येतो आणि वेळ वाढतो.

बिघडतं कुठे ते सांगते. सहभागी ज्या भाषेत सगळ्यांत सराईतपणे वाचतो त्याच भाषेत शब्द हवेत, नाहीतर अडथळाच कमी होतो आणि मग 'प्रयोग आला नाही' म्हणून हळहळ. मराठीत तक्ता करताना एक अडचण: गुलाबी, जांभळा हे उच्चारायला लांब, लाल तोकडा. म्हणून दोन्ही तक्त्यांत (शब्द आणि शाई जुळणारा सोपा, न जुळणारा अवघड) तेच रंग तितक्याच वेळा घ्या, म्हणजे लांबीचा फरक दोन्हीकडे सारखा पडतो. निळा आणि हिरवा छपाईत जवळजवळ येतात, तक्ता मंद उजेडात धरून तपासा. रंगांधळेपणाची विचारणा आधी करा. आणि निम्म्या लोकांना सोपा तक्ता आधी, निम्म्यांना अवघड आधी. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलात तर सराव मोजला की अडथळा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

टिंबटिंब
वेळेच्या आकड्यांची सरासरी घेण्याआधी सगळे आकडे ओळीने डोळ्यांखालून घाला. एखादा खोकला, शिंकला की एकच आकडा तिप्पट होतो आणि सरासरी ओढली जाते. मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) जवळ ठेवा. नको तो आकडा गाळायचा नियम मात्र आकडे बघण्याआधी लिहून ठेवायचा.

पाटीपेन्सिल
+१

बोरूबहाद्दर
म्यूलर-लायरच्या बाणांचंही तसंच (सारख्या लांबीच्या दोन रेषा, टोकांच्या बाणांची दिशा उलट असल्याने लहानमोठ्या दिसतात; सहभागी एक रेषा सरकवून दुसरीएवढी करतो). सरकती पट्टी निम्म्या वेळा खूप लांब ठेवून आत आणायची, निम्म्या वेळा आखूड ठेवून बाहेर न्यायची, शिवाय डावी-उजवी बाजू पालटायची. नाहीतर दृष्टिभ्रमाऐवजी हाताची सवय मोजली जाते. दोन रेषा सारख्या आहेत हे पट्टीने मोजून दाखवलं तरी डोळ्यांना त्या असमानच दिसतात. जाणणं आणि दिसणं वेगळं, याहून स्वच्छ पुरावा वर्गात दुसरा मिळत नाही.

सावली
प्रश्नावलीवाल्यांसाठी. उलटी विधानं उलटवायला विसरू नका. पाच गुणांच्या मापनात ६ वजा मिळालेले गुण. २ असेल तर ४. विसरलात की क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) घसरतो, कधीकधी चक्क ऋण येतो. 'मला अभ्यास आवडतो आणि जमतो' असं विधान कधीही घालू नका. आवडतो पण जमत नाही त्याने कुठे खूण करायची?

रातराणी
आले परत. हे सगळं वाचून पुतणी खूश झाली, तिला वाटत होतं नुसती पाठांतरं असतील. ती विचारतेय की पदवीनंतर लगेच समुपदेशन करता येतं का?

ओवी
नाही. आणि हे तिला ठामपणे सांगा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पुढचं शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचं काम लागतं. पदवीच्या काळात घरचे, मैत्रिणी 'मला काय झालंय सांग' म्हणून मागे लागतात. वर्गातल्या सरावाच्या चाचणीवरून कुणालाही निदान सांगायचं नाही, गमतीतही नाही. त्या आकड्याचं ओझं माणूस वर्षानुवर्षं वाहतो. चाचणीचे प्रश्न फोटो काढून पाठवायचे नाहीत, कारण आधी पाहिलेल्या माणसावर ती चाचणी पुढे निकामी ठरते. संमतिपत्रात 'केव्हाही थांबता येईल' हे वाक्य हवं, आणि कुणी खरंच थांबला तर 'का' विचारायचं नाही.

बोरूबहाद्दर
पाठांतराबद्दल एक. पुस्तकातले गाजलेले प्रयोग आकड्यांसकट पण जपून वाचायला सांगा. हुकूम मिळाला म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे झटके (खोटे, पण त्याला खरे वाटणारे) देतो का, हे पाहणाऱ्या मिलग्रॅमच्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ. पण ते एकाच मांडणीत. हुकूम देणारा खोलीत नसून फोनवर असला की आकडा खूप खाली आला, आणि खरी शिकवण त्या फरकात आहे. तसंच २०१५ चा मोठा प्रकल्प वाचावा: १०० अभ्यास पुन्हा केले, मूळच्यांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय (पी-मूल्य ठरलेल्या पातळीखाली) होता, पुन्हा करताना ३६ टक्क्यांतच. त्यामुळे अहवालात 'सिद्ध झाले' लिहू नये, 'दिसून आले' लिहावं.

कमलपत्र
'दिसून आले' ला शंभर अनुमोदनं. अहवालात कृती इतकी तपशिलात हवी की अनोळखी माणसाने वाचून तसाच प्रयोग मांडावा.

रातराणी
शाईचा डाग, पुतणीला चांदणी घरी करून बघायचीय. आरसा कसा ठेवायचा?

शाईचा डाग
कागदाच्या पलीकडच्या कडेला, टेबलाशी काटकोनात उभा. मागे जड पुस्तकं लावा, कलला की चांदणी लांबट दिसते. कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने पक्का करा. पडदा म्हणून पुठ्ठ्याचं खोकं उलटं ठेवा, आरशाकडची बाजू पूर्ण कापून आणि पुतणी बसेल त्या बाजूला हात जाईल एवढी फट ठेवून. पेन्सिल टोकदार हवी, टोक बोथट झालं की रेघ जाड होते आणि चुका मोजता येत नाहीत. पहिल्या कोपऱ्यावर तिचा हात अडेल, तेव्हा तिला काही सांगू नका, फक्त घड्याळ चालू ठेवा.