डायनामो चार्ज करतोय का, घरच्या घरी कसं बघायचं?

होटगी_रोडकर:
मंडळी, दहा वर्षांची पेट्रोल गाडी आहे. परवा रात्री तुळजापूरहून येताना हेडलाइट पिवळे पडत गेले. सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, पण ती जेमतेम वर्षाची आहे. येत्या एकादशीला आईला पंढरपूरला न्यायचंय. दोष बॅटरीचा की डायनामोचा, कसं ओळखू? एकानं सांगितलं, गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघ.

तारजोड:
वायर अजिबात काढू नका! व्होल्टेज एकदम उसळतं, ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) आणि डायनामोचे डायोड दोन्ही उडू शकतात.

आधी बॅटरी बाहेर चार्ज करून घ्या, नाहीतर आकडे फसवतील. साधा मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसलं की बॅटरी भरलेली. मग गाडी चालू करा. १३.८ ते १४.५ आलं तर डायनामो चांगला. आता हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून थोडी रेस द्या. १३ च्या खाली जायला नको. आकडा १२ च्या आसपास राहून उतरत चालला, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेला, बॅटरी उकळते. सोलापूरच्या उन्हात बॅटरीचे आधीच हाल असतात, त्यात हे नको.

सातरस्ता_७८:
मीटर नसेल तर डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा बघा. चावी ऑन केली की लागला पाहिजे, गाडी चालू झाली की विझला पाहिजे. चावीला लागतच नसेल तरी शंका घ्या. आणि डायनामो फिरवणारा बेल्ट! गाडी बंद करून बघा, कडा चकचकीत झाल्यात का, सैल आहे का. चालू करताना चीं आवाज येत असेल तर बेल्ट घसरतोय.

तारजोड:
बरोबर. फक्त काही नवीन गाड्या भरलेल्या बॅटरीला मुद्दाम कमी व्होल्टेज देतात. तिथं लाइट-ब्लोअरचा लोड टाकूनच ठरवा.

होटगी_रोडकर:
केलं. उभी गाडी १२.६, चालू केल्यावर १२.३, लाइट लावले की ११.८. बेल्ट घट्ट होता. ऑटो इलेक्ट्रिशियननं डायनामो खोलून दाखवला, आतले कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. नवीन टाकले. आता १४.२, लाइट-ब्लोअरसकट १३.९. बॅटरी तीच. तारजोडभाऊ, लई उपकार झाले. आईला सांगितलंय, पंढरपूरला गाडीनंच जायचं.