संयुजा: अणूची आणि क्रियापदाची

गंगावेशकर: धाकटी नववीत आहे. सोडियमची संयुजा १, ऑक्सिजनची २ असं तिचं पाठांतर चाललेलं असतं. परवा व्याकरणावरच्या एका लेखात ‘क्रियापदाची संयुजा’ वाचलं. ही नुसती उपमा आहे, की खरंच काही मोजता येतं?

परीक्षानळी: रसायनापुरतं सांगतो. एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्यांचे ठरावीकच अणू धरतो, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ साली मांडलं. कार्बन चार हायड्रोजन धरतो, ऑक्सिजन दोन. लोखंडाची मात्र कधी २, कधी ३. हे सगळं बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांमुळे. पण फ्रँकलंडना ते कुठून कळणार, इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा.

क्रियापदवेडा: गंमत बघा, त्याच १८९७ साली चार्ल्स सँडर्स पर्स या तर्कशास्त्रज्ञाने विधानांची तुलना अणूशी केली. गडी मूळचा रसायनाचा पदवीधर. भाषाशास्त्रात ही कल्पना रुजवली ती ल्युसियाँ तेनिएर या फ्रेंच पंडितानं. त्याचा ग्रंथ १९५९ साली, त्याच्या पश्चात आला.

आणि मोजता येतं की! क्रियापदाला वाक्य पुरं करायला किती घटक लागतात, ती त्याची संयुजा. गुऱ्हाळावर जा. ‘रस आटतो’: एकच घटक. ‘गुळव्या रस आटवतो’: दोन. ‘शेतकरी अडत्याला गूळ देतो’: तीन. ‘काहिलीत’, ‘पहाटे’ हे आलं-गेलं तरी चालतं, म्हणून हिशेबात नाही. मराठीत ‘-व’ लागला की बहुतेक वेळा एक घटक वाढतो, ही सोय मला फार आवडते.

शून्यवालेही आहेत: ‘उजाडलं’. कोण उजाडलं? कोणीच नाही. फ्रेंचमध्ये पाऊस पडण्याचं क्रियापद शून्यात बसतं, तिथला सर्वनामाचा कर्ता नावापुरता. आपल्याकडे पाऊस स्वतःच पडतो, म्हणून ते १.

परीक्षानळी: थांबा, ‘दिवस उजाडला’ म्हणतोच की आपण. शून्य कसं?

क्रियापदवेडा: म्हणतो. मग लोखंडासारखी दोन खाती धरा: शून्य आणि १.

गंगावेशकर: आणि ‘जेवलास का?’ यात तर माणूसच नाही. मग तेही शून्य?

क्रियापदवेडा: नाही हो. ‘जेवलास’मधल्या ‘-स’नं ‘तू’ दाखवलाय. जागा भरलेली असते, फक्त बोलून दाखवत नाही. ‘उजाडलं’मध्ये जागाच नाही. इथं रसायनाशी फारकत होते: अणूचा हात रिकामा राहिला तर तो दुसऱ्याला धरायला धावतो, आपण घटक गाळतो आणि ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो.

परीक्षानळी: मग ‘ठेवणे’ सांगा. ‘हमालानं ढेप ठेवली’ एवढ्यावर अडत्या गप्प बसेल का? ‘कुठं?’ विचारणारच. तुमची ‘काहिलीत’ गेली तर चालतं, पण ‘पाटावर’ गेलं तर वाक्य लंगडं.

क्रियापदवेडा: इथंच तेनिएरचा हिशेब अपुरा पडतो. त्यानं घटक जास्तीत जास्त तीन धरले आणि जागा-वेळ सगळी परिस्थितीच्या खात्यात टाकली. पुढच्या जर्मन अभ्यासकांनी अत्यावश्यक स्थळालाही संयुजेत घेतलं, आणि मला तेच पटतं. ‘राहणे’ घ्या: ‘ते राहतात’ म्हटलं तर तुम्ही काय समजणार? ‘शाहूपुरीत’ हवंच. ‘ठेवणे’ म्हणजे ३, ‘राहणे’ म्हणजे २.