मंगळ मोहिमेच्या बंदिस्त प्रयोगासाठी अर्ज: सही करण्याआधी काय काय पाहावं?

लोलक
मंगळावरच्या तळाची नक्कल करणाऱ्या एका वर्षभराच्या प्रयोगासाठी अर्ज भरायचा विचार आहे. चार जणांचा क्रू, दार बंद. माहितीपत्रकात 'निरोगी आणि उत्साही उमेदवार' याच्या पलीकडे फारसं काही नाही. तर विचारायचं हे, की निवडीत लोक नेमके कशावर गळतात? आत दिवसभर काम काय असतं? आणि बँक, भाडं, कर हे सगळं वर्षभर कोण बघतं? 'एकटं वाटेल का' ही चर्चा कृपया नको, ती पोटभर वाचून झाली आहे.

ध्रुवमत्स्य
आधी पात्रतेच्या अटी नीट वाचा, कारण बरेच अर्ज तिथेच संपतात. नासाच्या ह्यूस्टनमधल्या चॅपिया मोहिमांना (मंगळतळाची वर्षभराची नक्कल) अमेरिकन नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. वय ३० ते ५५. विज्ञान-तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा विमान चालवल्याचे किमान १,००० तास, असे काही पर्याय असतात. मॉस्कोच्या जैववैद्यकीय संस्थेने मात्र बाहेरच्या देशांतलेही लोक घेतले आहेत. तिथल्या मार्स-५०० या बंदिस्त प्रयोगात (जून २०१० ते नोव्हेंबर २०११, ५२० दिवस) सहापैकी तिघेच रशियन होते.

त्यापुढची गळती बहुतेक वैद्यकीय, आणि तीही गंभीर आजारांमुळे नव्हे. अन्नाची ॲलर्जी, पोटाच्या जुन्या तक्रारी, रोज घ्यावी लागणारी झोपेची, नैराश्याची किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांवर नाव कटतं. त्यात तुमचा दोष नसतो. चारच माणसं मोजायची असतील तर एकाच्या गोळीने सगळा निकाल हलतो. म्हणूनच माहिती लपवू नका. रक्ताच्या तपासणीत ती निघतेच, आणि मग प्रश्न गोळीचा न राहता खोटेपणाचा होतो.

मानसिक चाचण्यांत एकसारखेच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा पुन्हा येतात. 'मला कधीच राग येत नाही' अशी साजूक उत्तरं देणाऱ्याबद्दल शंका घेतली जाते. राखीव म्हणून निवड झाली तरी पूर्ण प्रशिक्षण करावं लागतं आणि दार बंद होईपर्यंत तुमचं काहीच नक्की नसतं. नोकरीचा राजीनामा त्या हिशोबाने द्या.

आडवाटा
आतल्या कामाबद्दल. सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की तुम्ही अंतराळवीर नसता, नमुना असता. वेळापत्रकाचा मोठा भाग मोजमापात जातो: मनगटावरचा हालचाल-मापक, प्रश्नावल्या, प्रतिक्रियावेळेच्या चाचण्या, लाळ, रक्त, लघवी.

२४ तासांची लघवी गोळा करायची पद्धत आत्ताच समजून घ्या. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून. मध्ये एकदा जरी सवयीने तशीच केली, तरी अख्ख्या दिवसाचा नमुना बाद. पहाटे तीनला अर्धवट झोपेत हीच चूक होते, म्हणून डबा वाटेत, पाय अडखळेल असा ठेवावा.

जेवणही मोजूनच. मार्स-५०० आणि त्याआधीच्या १०५ दिवसांच्या टप्प्यात रोजचं मीठ १२, ९ आणि ६ ग्रॅम असं आठवडेच्या आठवडे बदललं गेलं. ताटात आलेलं सगळं संपवणं सक्तीचं होतं. निकाल मजेशीर निघाला: जास्त मिठावर माणसं दीर्घकाळात पाणी कमीच प्यायली, कारण शरीर पाणी धरून ठेवू लागलं. ताटात चिमूटभर उरवलं असतं तर हे दिसलंच नसतं. खाण्यात आवडीनिवडी असणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

झोपेचं गणितही बिघडतं. सूर्यप्रकाश नसला की शरीराचं घड्याळ सरकतं. मार्स-५०० मधल्या एकाचा दिवस जवळपास २५ तासांचा झाला, त्यामुळे बाकीचे झोपलेले असताना हा जागा. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: उठायची वेळ ठरलेली ठेवा, सुट्टीच्या दिवशीही, आणि उठल्या उठल्या प्रखर दिव्याखाली बसा.

गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीचंच असतं, त्याची नक्कल होत नाही. चॅपियात 'बाहेर' म्हणजे १,२०० चौरस फुटांचा लाल वाळूचा हौद, आणि लांब चालायचं तर आभासी चष्मा लावून ट्रेडमिलवर.

खिडकीपाशी
वरच्यांनी संदेशवहन सोडून दिलं, आणि खरी चिडचिड तिथूनच सुरू होते. मंगळ सर्वात लांब असताना संदेशाला एका बाजूने साधारण २२ मिनिटं लागतात, आणि नक्कल म्हणून तसाच उशीर मुद्दाम लावला जातो. म्हणजे ९.४० ला विचारलेलं १०.०२ ला पोचतं आणि लगेच उत्तर दिलं तरी ते १०.२४ ला येतं. 'पंपातून आवाज येतोय, बघू का?' असं लिहिलंत तर पलीकडून 'कसला आवाज?' एवढंच येणार, आणि सकाळ गेली. त्याऐवजी असं लिहा:

'संदेश ४१. पाण्याचा पंप. ९.१० पासून खरखर, दाब निम्मा. फिल्टर धुतला, फरक नाही. दोन फोटो जोडले. ११.०० पर्यंत उत्तर नसेल तर पंप बंद करून राखीव टाकीवर जातो, ती दोन दिवस पुरेल. पंप उघडू का? होय किंवा नको.'

एका संदेशात एकच विषय, त्याला क्रमांक, आणि उत्तर नाही आलं तर काय करणार हेही. हे न जमलेला क्रू काही आठवड्यांत 'बाहेरच्यांना काही कळत नाही' या सुरावर येतो. आपसातली भांडणं टाळण्यासाठी सगळा राग बाहेरच्या नियंत्रण कक्षावर काढणं हे या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे.

संमतीपत्रात एवढं नक्की शोधा:
- कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं का (यायलाच हवं) आणि तोवरचं मानधन मिळतं का. सगळी रक्कम शेवटच्या दिवसावर टांगलेली असेल तर सही करू नका.
- छळाची तक्रार कुणाकडे करायची. ती व्यक्ती क्रूच्या बाहेरची हवी. मॉस्कोत १९९९-२००० च्या प्रयोगात मारामारी झाली, एका महिला सदस्याने जबरदस्तीच्या चुंबनाची तक्रार केली आणि एक सदस्य मध्येच निघून गेला.
- गोपनीयता. शोधनिबंधात नावाऐवजी अक्षर असतं, पण क्रूची नावं जाहीर असतात. चार जणांत 'क' कोण हे ओळखायला कितीसा वेळ लागतो?
- अपघात. हवाईतल्या हाय-सीज या नकली मंगळतळावर २०१८ मध्ये चौथ्याच दिवसाच्या सुमारास एकाला विजेचा धक्का बसून रुग्णालयात न्यावं लागलं. मोहीम तिथेच थांबली. विमा कोण देतं ते लेखी घ्या.

ध्रुवमत्स्य
व्यवहारांचं राहिलं होतं. विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. मोघम नको, बँक, कर, घर असं कलमवार. भाडं आणि हप्ते खात्यातून आपोआप जाऊ द्या. आणि ओटीपी! आत फोन नसतो, सिम बाहेर राहतं, रिचार्ज चुकलं की नंबरच हातचा जातो. ते सिम कुणाच्या फोनमध्ये चालू राहील ते ठरवा. वर्षभरात मुदत संपणाऱ्या कागदपत्रांची यादी करा. घरातली वाईट बातमी आत कळवायची का, कुणी आणि कोणत्या शब्दांत, हे घरच्यांसमोर बसून लिहून काढा. नंतर विचारायला कुणी येत नाही.

आणि आधी छोटा प्रयोग करा. ह्यूस्टनच्याच हेरामध्ये (नासाचा छोटा बंदिस्त तळ) ४५ दिवसांच्या मोहिमा होतात. मार्स-५०० सुद्धा १४ आणि १०५ दिवसांच्या पायऱ्या चढूनच ५२० वर गेलं.

लोलक
ओटीपी डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. एक किरकोळ शंका: अक्कलदाढ अर्धी आली आहे, दुखत नाही. काढून टाकू का?

आडवाटा
किरकोळ नाही. अर्ध्या आलेल्या दाढेच्या हिरडीखाली अन्न अडकून सूज येते, आणि त्यासाठी दार उघडायचं म्हणजे सगळ्यांचा प्रयोग बिघडतो. एक्स-रे काढून दंतवैद्यालाच ठरवू द्या. काढायची ठरलीच तर वैद्यकीय चाचणीच्या बऱ्याच आधी काढा. त्या दिवसांतली प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं 'सध्या चालू औषधं' या रकान्यात लिहावी लागतात, आणि रक्ताच्या अहवालात सूज दिसली की पुन्हा तपासणीचा फेरा लागतो.